मोहरीच्या घरचा कोबी

कोबीबद्दल मराठी माणूस सहसा वाईट बोलत नाही. तो काहीच बोलत नाही. वांग्याला कट्टर चाहते आहेत आणि तितकेच कट्टर वैरीही आहेत, कारल्यावरून घरोघरी रुसवेफुगवे होतात, पण कोबी पानात येतो आणि पोळीबरोबर निमूट संपतो. खानावळीत, वसतिगृहाच्या मेसमध्ये, ऑफिसच्या डब्यात तो असतो, कारण तो स्वस्त असतो, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो आणि एका गड्ड्यात घरातल्या सगळ्यांची सोय होते. वर जिन्यापर्यंत पोचणारा तो ओलसर, उकडलेला वास. मात्र हीच माणसं संध्याकाळी चायनीजच्या गाडीसमोर प्लेट हातात घेऊन उभी असतात, आणि त्या प्लेटमध्ये नूडल्सच्या खालोखाल काय असतं, तर कोबी. तिथे तो कुणाला बेचव लागत नाही, त्याचा वासही येत नाही. गाडीवाल्याने काही निराळा कोबी आणलेला नसतो. मंडईतल्या त्याच ढिगातला गड्डा त्यानेही उचललेला असतो. तेव्हा दोष कोबीचा नाही. आपण साऱ्या कोबींना एकच भाजी समजतो आणि एकाच रीतीने शिजवतो, दोष तिथे आहे. कोबीचे प्रकार अनेक आहेत, प्रत्येकाच्या पानाची ठेवण निराळी आहे आणि आच त्या ठेवणीवरून ठरायला हवी. हे शिकायला परदेशी पाकपुस्तकं उघडायची गरज नाही. लागणारं बहुतेक ज्ञान आपल्याच घरात, मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत पडून आहे.

मोहरीचा आणि कोबीचा संबंध नुसता फोडणीपुरता नाही, तो रक्ताचा आहे. दोन्ही एकाच कुळातल्या, इतकंच नव्हे तर ब्रासिका या एकाच प्रजातीसमूहातल्या वनस्पती. कोबी म्हणजे ब्रासिका ओलेरासिया. युरोपच्या समुद्रकाठच्या कड्यांवर तिची रानटी झाडं आजही उगवतात. त्यांना गड्डा नसतो, नुसती जाड, निळसर, कडवट पानं असतात. शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं निवडून निवडून या एकाच झाडाचे निरनिराळे अवयव फुगवले. शेंड्याची कळी फुगवली तो कोबी, फुलोरा फुगवला तो फ्लॉवर आणि ब्रोकोली, खोड फुगवलं तो नवलकोल, आणि पानांच्या बगलेतल्या कळ्या फुगवल्या ते ब्रसेल्स स्प्राउट्स. भाजीवाल्याच्या टोपलीत शेजारी शेजारी बसलेले कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल हे शास्त्राच्या दृष्टीने एकच झाड आहे, हे कोबी घेताना सहसा कुणाच्या मनात येत नाही. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याची खूण नावातच राहिली आहे: त्यांच्या भाषेतला ‘कोव्ह’ म्हणजेच आपला कोबी. मौजेची गोष्ट अशी की पोर्तुगालमध्ये कोव्ह हा शब्द या साऱ्या कुटुंबाला चालतो, आणि गोल गड्ड्याला ‘रेपोल्यु’ असं वेगळं नाव आहे. तिथल्या ‘काल्दु व्हेर्द’ या प्रसिद्ध सुपात तर गड्डा न धरणारा कोबी वापरतात. त्याची पानं केसासारखी बारीक चिरून अगदी शेवटी, उकळत्या सुपात काही मिनिटांपुरती टाकतात. आपण सगळ्या कुटुंबाचं नाव घेतलं आणि त्यातल्या एकाच सदस्याला चिकटवलं. विदर्भात निदान ‘पत्ताकोबी’ आणि ‘फुलकोबी’ असा भेद करतात. मुंबई-पुण्याकडे तर एकाला कोबी म्हटलं की दुसऱ्याला इंग्रजीतून फ्लॉवर म्हणावं लागतं.

आता मोहरीकडे वळू. कैरीच्या ताज्या लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी मोहरी फेसणाऱ्या प्रत्येक बाईला एक गोष्ट ठाऊक असते. अख्खी मोहरी तोंडात टाकली तर नाकात जात नाही. ती वाटली, तिला पाणी लागलं आणि ती फेसली की थोड्या वेळात चढते. पाणी मात्र गार हवं. गरम पाण्यात मोहरी चढत नाही, कडू पडते. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला तर झणका राहतच नाही, नुसता खमंगपणा उरतो. याचं कारण असं की मोहरीत झणका तयार अवस्थेत नसतोच. गंधकयुक्त अशी काही निरुपद्रवी द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. दाणा चिरडला की दोघांची गाठ पडते आणि नाकाला झोंबणारं तेल जन्माला येतं. झाडाने किडामुंगीसाठी रचलेला हा सापळा आहे: जो चावेल त्याच्याच तोंडात दारू उडेल. उष्णता लागली की विकर मरतं आणि सापळा निकामी होतो. कोबीच्या पानात हुबेहूब हीच व्यवस्था आहे. कच्चा कोबी विळीवर जितका बारीक चिराल तितक्या जास्त पेशी फुटतात आणि तितका तो तिखटसर होतो. किसणीवर किसलेला आणखी जहाल. म्हणून पचडीसाठी चिरलेला कोबी दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून निथळला की सौम्य होतो, कारण झोंबणारं द्रव्य पाण्याबरोबर निघून जातं. आणि म्हणूनच कोबी गार कढईत टाकून मग गॅस पेटवणं ही चूक ठरते. पान हळूहळू तापत राहतं तोवर विकर जोमात काम करून घेतं. साधारण 60 ते 70 अंशांच्या पुढे त्याचा जोर संपतो, तेव्हा कढई आधी चांगली तापलेली हवी, म्हणजे तो टप्पा झटक्यात ओलांडला जातो.

एवढ्याने अर्धंच काम होतं, कारण जिन्यात दरवळणारा वास हा कच्च्या कोबीच्या तिखटपणाहून वेगळा आहे. कोबीत आणखी काही गंधकयुक्त द्रव्यं असतात. ती उष्णतेने विघटित होतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटतात, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. स्वयंपाकामागचं शास्त्र लिहिणारे अमेरिकन लेखक हॅरॉल्ड मॅगी यांनी आपल्या 1984 सालच्या ग्रंथात नोंदवलंय की कोबी उकळताना पाचव्या मिनिटापासून सातव्या मिनिटापर्यंत या वायूचं प्रमाण दुप्पट होतं. दोन मिनिटांत दुप्पट! आता आपली रूढ रीत आठवा. तेल तापवून फोडणी केली, चिरलेला कोबी आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकदम टाकली, वर ताट झाकून ताटात पाणी ठेवलं आणि वाफ आणली. डाळ शिजायला पंधरा मिनिटं तरी लागतात, कोबीला पाच पुरतात. डाळीच्या नादाने कोबी तीनपट वेळ शिजतो, आणि झाकणावरच्या गार पाण्यामुळे आतली वाफ थंड होऊन, सुटलेला सगळा वास घेऊन, परत भाजीतच ठिबकते. पाण्याचं ताट ही दुधी, पडवळ, भरली वांगी यांच्यासाठी नामी युक्ती आहे. कोबीसाठी ती घातक आहे. उपाय साधा आहे. फोडणीत आधी डाळ टाकावी, तिला झाकण ठेवून मऊ करावं, मग आच मोठी करून कोबी टाकावा आणि उघड्या कढईत चार-पाच मिनिटं परतावा. मीठ अगदी शेवटी. कोबीत 100 ग्रॅममागे 92 ग्रॅम पाणीच असतं. मीठ आधी पडलं की ते पाणी बाहेर येतं आणि परतण्याऐवजी कोबी उकडू लागतो. गाडीवरच्या चायनीजवाल्याचं यश यातच आहे: दणदणीत आच, पसरट लोखंडी कढई, उघडं तोंड आणि मोजून दोन मिनिटं.

इथे कुणी म्हणेल, आमच्या आजीची भाजी तर चांगली तासभर चुलीवर असायची आणि ती खायला भांडणं व्हायची, त्याचं काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही, कारण जगातले कोबीचे कितीतरी उत्तम पदार्थ दीर्घकाळ शिजवलेलेच आहेत. रशियन लोकांचं ‘श्ची’ हे कोबीचं सूप मुरावं म्हणून दुसऱ्या दिवसावर ठेवतात. जर्मनीत लाल कोबी सफरचंद, व्हिनेगर आणि लवंगा घालून तासभर मंद आचेवर ठेवतात. आपल्याकडे पाठारे प्रभूंच्या घरातलं भानोलं घ्या: बारीक चिरलेला कोबी, कोळंबी, बेसन आणि नारळाचं दूध एकत्र करून खालून-वरून विस्तव देऊन ते भाजतात, आणि त्या कोबीला कुणी नाक मुरडत नाही. मात्र या सर्वांत तीन गोष्टी समान आहेत. भरपूर स्निग्धांश, काहीतरी आंबट किंवा दुसरी दणकट चव, आणि कोबीतली साखर बाहेर येईपर्यंतचा वेळ. चुलीवरच्या उघड्या पातेल्यातून धुराबरोबर उग्र वासही निघून जाई. तेव्हा कोबीची दोन टोकं चांगली आहेत: एक झटपट, करकरीत, दुसरं पूर्ण मुरलेलं, गोडसर. वाईट आहे तो मधला पट्टा, दहा ते वीस मिनिटांचा, झाकणाखालचा, थोडक्या तेलातला. दुर्दैवाने आपला रोजचा डबा बरोबर त्या पट्ट्यात अडकला आहे. कोणत्या प्रकारचा कोबी कोणत्या टोकाला न्यायचा, ते मात्र पान बघून ठरतं.

आपल्या मंडईतला नेहमीचा गोल, टणक, हिरवट-पांढरा गड्डा हा गोल्डन एकर नावाच्या लवकर येणाऱ्या वाणाच्या वळणाचा. लागवडीनंतर 60 ते 65 दिवसांत तो तयार होतो, वजन एक ते दीड किलो, पानं एकमेकांवर इतकी घट्ट की नखही शिरत नाही. आज बाजारात संकरित वाणांचा भरणा आहे, पण ठेवण हीच, कारण घट्ट गड्डा गोणीत भरून ट्रकने दूर नेता येतो. याच्या उलट पुसा ड्रमहेड: मोठा, चपटा, किंचित सैल, तीन ते पाच किलोंचा, उशिरा येणारा. पूर्वी लग्नाकार्यात असलेच गड्डे सोयीचे पडत. आता चार माणसांच्या घराला तेवढा कोबी नको असतो. आणि तरी स्वयंपाकाच्या दृष्टीने हे दोन गड्डे म्हणजे दोन निराळ्या भाज्या आहेत. घट्ट गोल गड्ड्याची पानं कुरकुरीत आणि पाणीदार. तो पचडीला, परतायला, भज्यांना उत्तम. चपट्या गड्ड्याचं पान अख्खं सोडवता येतं, मोठं निघतं, म्हणून कोबीच्या पानात सारण भरून गुंडाळ्या करायच्या तर तोच हवा. गोल गड्ड्याचं पान सोडवायला गेलं की फाटतं, मग लोक कोबीलाच दूषण देतात. एक गड्डाही सगळा सारखा नसतो. बाहेरची हिरवी पानं जाड आणि उग्र, त्यांना पातळ चिरून डाळीत किंवा थालीपिठाच्या पिठात मुरवावं. पोटातली पांढरी पानं उजेड न लागल्याने कोवळी आणि गोड, ती पचडीची. आणि मधला दांडा, जो आपण सर्रास फेकतो, तो सोलून चिरला की नवलकोलाइतकाच चांगला लागतो. लागणारच, खोडच ते.

मोसमाचाही भाग आहे. कोबी मूळचा थंडीतला. त्याला फुलोरा येऊन बी धरायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, म्हणून भारतीय कृषी संशोधन संस्थेने कोबीच्या बियाण्याचं काम दिल्लीत न करता कुलू खोऱ्यात कटराईन इथे नेलं. महाराष्ट्रात गड्डा बारमाही मिळतो, पण पौष-माघातला कोबी आणि वैशाखातला कोबी यांत चवीचं अंतर पडतं. गारठ्यात झाड साखर साठवतं; उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणात तेच झाड बचावाची तिखट द्रव्यं वाढवतं. उन्हाळ्यातल्या कोबीची कच्ची पचडी झोंबते ती त्यामुळे, आणि त्या दिवसांत तो शिजवूनच खावा हे शहाणपणाचं.

लाल कोबीला आपण सॅलडच्या कडेची शोभा करून ठेवलं आहे. खरं तर तो जांभळा. त्याचा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा, आणि तो रंग म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागदच: आंबटात लाल, साध्या पाण्यात जांभळा, सोड्यात निळा-हिरवा. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि त्याच युक्तीने कुंकू होतं, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्याला हा चमत्कार नवा वाटू नये. जर्मनीत उत्तरेकडे हा कोबी ‘लाल’ म्हणून ओळखला जातो तर दक्षिणेकडे ‘निळा’. नावांतला हा भेद त्यात पडणाऱ्या आंबटाच्या प्रमाणाशी जोडतात. यातून स्वयंपाकाचे दोन नियम निघतात. एक, लाल कोबीत आंबट आधी घालायचं: पचडी असेल तर चिरल्याबरोबर लिंबू पिळून चोळायचं, शिजवायचा असेल तर आमसुलं किंवा व्हिनेगर सुरुवातीलाच. दोन, हळद नको. जांभळ्यावर पिवळं चढलं की जो रंग येतो तो डोळ्यांना सोसवत नाही. हिंग-मोहरी-मिरचीची पांढरी फोडणी द्यावी. पान मात्र हिरव्या कोबीहून जाड आणि चिवट असतं, त्यामुळे तो दोन टोकांनाच चालतो: कच्चा खायचा तर अगदी धाग्यासारखा चिरून, नाहीतर आमसूल, गूळ, लवंग घालून तासभर मंद मुरवून. आंबटामुळे पान लवकर गळत नाही, म्हणून तासाभरानंतरही त्याचा लगदा होत नाही. लाल कोबीची मटार घालून दहा मिनिटांत केलेली भाजी हा आपल्या काही स्वयंपाकघरांतला सर्वांत केविलवाणा प्रयोग असावा.

चायनीज कोबी नावाने जो लांबट, फिकट, पांढऱ्या रुंद देठांचा गड्डा मिळतो, त्याला कोबी म्हणणंच थोडं फसवं आहे. तो ब्रासिका रापा, म्हणजे सलगमचा सख्खा आणि कोबीचा चुलत. हे नातं उलगडण्याचं श्रेय वू जांग-चून या शास्त्रज्ञाला जातं. 1898 मध्ये टोकियोत कोरियन बाप आणि जपानी आई यांच्या पोटी जन्मलेल्या वू यांनी 1935 मध्ये गुणसूत्रं मोजून दाखवलं की या घराण्यात मूळ तीन जाती आहेत: 8 गुणसूत्रांच्या जोड्यांची काळी मोहरी, 9 जोड्यांचा कोबी आणि 10 जोड्यांचं सलगम. त्यांच्या आपापसातल्या संकरातून आणखी तीन झाल्या. आपली फोडणीची राई ही काळी मोहरी आणि सलगमचं घराणं यांची संतती, 18 जोड्यांची. म्हणजे चायनीज कोबीला मोहरीची फोडणी देणं हा आप्तांचा मेळावाच. वू 1950 मध्ये कोरियात गेले आणि किमचीच्या कोबीचं व मुळ्याचं बियाणं देशातच तयार व्हावं यासाठी 1959 मध्ये मृत्यू येईपर्यंत झटले. आज हिवाळ्याआधी घरोघर मिळून किमची घालण्याच्या तिथल्या ‘किमजांग’ या प्रथेला युनेस्कोच्या वारसा यादीत 2013 पासून स्थान आहे. आपल्या कढईत या कोबीची दुर्गत का होते, तेही आता कळेल. त्याचं पान पातळ आणि पाणीदार, वास सौम्य. पाच मिनिटांत तो तळाशी बसतो आणि भाजीत पाणीच पाणी होतं. त्याला कोबी न समजता पालेभाजी समजावं. देठ आणि पानं वेगळी चिरावीत, देठ आधी दोन मिनिटं परतावेत, पानं फक्त उलटसुलट करण्यापुरती टाकावीत. मुळ्याच्या पाल्यासारखी पीठ पेरून केलेली भाजी याला फार शोभते, कारण सुटलेलं पाणी बेसन पिऊन टाकतं.

आणखी दोन प्रकार आपल्याकडच्या बाजारात क्वचितच दिसतात, पण इंग्लंड-युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाच्या पिशवीत सहज येतात. सॅव्हॉय कोबी आल्प्समधल्या फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या सॅव्हॉय प्रांताच्या नावाचा. पान सुरकुतलेलं, जाळीदार, लवचीक. वळलं तरी मोडत नाही आणि सुरकुत्यांत मसाला धरून ठेवतं. अळूची पानं न मिळणाऱ्या गावात वडी करायची असेल तर बेसनाचं आंबटगोड सारण लावून गुंडाळायला यापेक्षा चांगलं पान शोधून सापडणार नाही. घशाला खवखव नाही हा वरचा फायदा. टोकदार कोबी शंकूसारखा, पानं सैल आणि गोड. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या फिल्डर पठारावर पिकणाऱ्या अशा कोबीला युरोपीय भौगोलिक मानांकनही आहे. तो उभा चिरून, तुपावर कापलेली बाजू करपेपर्यंत भाजावा आणि वर दाण्याचं कूट नि लिंबू. याहून जास्त काही करायला जाऊ नये.

न शिजवता मुरवणं हा तिसरा मार्ग, आणि त्यात आच नसून मीठ काम करतं. किलोभर बारीक चिरलेल्या कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ चोळलं की त्याचंच पाणी सुटतं, आणि त्या पाण्याखाली दाबून ठेवला की पानावर मुळातच असलेले जिवाणू त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. हाच जर्मन सॉवरक्राउट. जेम्स कुक 1768 मध्ये एंडेव्हर जहाजातून निघाला तेव्हा स्कर्व्हीवर उपाय म्हणून त्याने असल्या कोबीची पिंपं भरून घेतली होती. खलाशी तोंड लावेनात, तेव्हा त्याने जबरदस्ती केली नाही. अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावला आणि बाकीच्यांना हवा तर घ्या म्हटलं. आठवड्याच्या आत खलाशांची मागणी इतकी वाढली की वाटणी ठरवून द्यावी लागली. कोबीच्या बदनामीवर यापेक्षा नेमका उतारा कुणी शोधलेला नाही. आपल्या हवेत हा प्रकार मार्गशीर्ष ते माघ एवढ्याच काळात करावा. 18 ते 20 अंशांना तो सावकाश आणि नीट मुरतो. चैत्रात चार दिवसांत आंबून मऊ पडतो.

हे सगळं वाचून एक रास्त तक्रार येईल: सामान्य माणसाला हे प्रकार मिळतात कुठे, आणि परवडतात का? लाल आणि चायनीज कोबी शहरांतल्या मंड्यांत आता सहज दिसतात, छोट्या गावात नाही, आणि भाव हिरव्यापेक्षा चढा असतो, हे कबूल. पण मुद्दा महागडे गड्डे आणण्याचा नाहीच. बाहेरचं पान, पोटातलं पान आणि दांडा हे तीन वेगळे पदार्थ आहेत एवढं कळलं, तरी साध्या गड्ड्यातच प्रकार सापडतात. दुसरा आक्षेप भीतीचा. कोबीतली अळी मेंदूत जाते, हा समज सुशिक्षित घरांतही पक्का बसला आहे. पानावर दिसणारी हिरवी अळी पतंगाची असते, ती पोटात गेली तरी काही बिघडत नाही. मेंदूत जाणारा आजार होतो तो डुकरातल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा मातीतून कुठल्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात. कोथिंबिरीवर, मुळ्यावर, कांद्याच्या पातीवर. कोबीची बाहेरची पानं तरी काढून टाकता येतात. शिजवलेल्या कोबीत हा धोका उरत नाही. कच्चा खायचा तर वरची दोन-तीन पानं फेकावीत, उरलेली सोडवून वाहत्या पाण्यात धुवावीत. थायरॉइडची धास्ती मात्र अगदीच निराधार नाही. 1928 मध्ये अमेरिकेत मुख्यतः कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याचं आढळलं होतं, आणि 2010 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका 88 वर्षांच्या बाईंची नोंद आली, ज्या थायरॉइड पार थंडावल्याने बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आल्या. पण त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्ची बोक चोय, म्हणजे चायनीज कोबीची बहीण, खात होत्या. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या माणसाने आठवड्यातून दोनदा वाटीभर शिजवलेली भाजी खाणं आणि हे, यांची तुलना होत नाही. ज्यांचा थायरॉइडचा उपचार चालू आहे त्यांनी कच्च्या कोबीचे रस वगैरे फॅशनच्या नादी लागू नये, इतकं पुरे.

उलट शिजवताना या कुळातल्या भाज्यांचा एक गुण हातचा जातो, आणि तो परत आणायची युक्ती पुन्हा मोहरीतच मिळाली. ब्रोकोली शिजवली की विकर मरतं, त्यामुळे शरीराला उपयोगी समजलं जाणारं सल्फोराफेन नावाचं द्रव्य फारसं तयार होत नाही. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड टाकली तर मोहरीतलं विकर ते काम करून देतं. वाफवलेल्या कोबीवर फेसलेली मोहरी घालून दह्यात कालवलेलं रायतं मराठी घराला नवं वाटायचं कारण नाही, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते याच वाटेवरचं आहे.

राहता राहिली फवारणीची गोष्ट, जी खरी आहे आणि जिचा बाऊ अनाठायी नाही. कोबीचा मुख्य शत्रू चौकोनी ठिपक्याचा पतंग. ही कीड औषधांना इतकी लवकर सरावते की डीडीटीला दाद न देणाऱ्या पिकांवरच्या पहिल्या किडींत तिची गणना होते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच जावा बेटावर ते लक्षात आलं होतं. शेतकरी औषध बदलतो, मात्रा वाढवतो, कीड पुन्हा सरावते. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यावर सुचवलेला उपाय असा की कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून लावायच्या, एक कोबीच्या लागवडीच्या 15 दिवस आधी आणि दुसरी 25 दिवसांनंतर, म्हणजे कोवळी मोहरी कायम उभी राहील. पतंगाची मादी अंडी घालायला जागा शोधते ती कोबी-मोहरीतल्या झणक्याच्याच मागावर, आणि कोबी सोडून ती मोहरीवर उतरते. मग औषध फवारायचं ते त्या दोन ओळींवर.